मापं

जावयाने गाडी चुकीच्या वळणावर घातली,
किंवा बरोबर, त्याचं त्यालाच ठाऊक.
सिडनीत समुद्राला पाट्याच पाट्या.
मी इंग्रजी वाचते ते दोऱ्याच्या रिळावरचं,
नंबर तेवढा.
पायऱ्या उतरलो आणि वृंदा म्हणाली,
आई, वर चल. आत्ताच्या आत्ता.

तोवर मी पाहिलं होतं.

पाहिलं म्हणजे मापं पाहिली. दुसरं काय येतं मला?
छत्तीस, बेचाळीस, पोटाखाली हरवलेली कंबर.
डावा खांदा अर्धा इंच उतरलेला एक म्हातारा
पेपर वाचत बसलेला,
अंगावर चष्मा.
टोपीवाली एक बाई कलिंगड कापत होती;
ओटीपोटावर सिझेरियनची शिवण,
टाके बारीक, एकसारखे, हात चांगला होता कुणाचा तरी.
कुणी कुणाकडे बघत नव्हतं.
बघत होते ते आम्ही तिघं,
नखशिखांत कपड्यात.

चाळीस वर्षं मी सरदार चौकात ब्लाउज शिवते.
पडद्यामागे आलेली बाई
माप द्यायच्या आधी माफी मागते.
जरा सुटलेय हं निकुंभबाई.
दंड बघू नका माझे.
मी म्हणते, श्वास सोडा.
श्वास धरून दिलेल्या मापाचा ब्लाउज
पंगतीत, दुसऱ्या पुरणपोळीला उसवतो.

त्या वाळूवर
एकानेही श्वास धरलेला नव्हता.

मग पाण्यातून ती आली.
माझ्याच वयाची. उजवीकडे सपाट.
काखेपासून मधल्या हाडापर्यंत तिरकी रेघ,
बेतताना खडूने मारतो तशी.
तिने केस पिळले
आणि उन्हात उताणी पडली.

भिशीत विचारलं, काय पाहिलंस ऑस्ट्रेलियात?
म्हटलं, कांगारू.

इथे काय, बारा वर्षांनी साधू येतात,
भस्माखेरीज अंगावर सूत नाही,
आणि अख्खं गाव रस्त्याच्या कडेला हात जोडून,
पोलीस बंदोबस्तात.
एरवी गंगेवर बघा पहाटे.
बाई ओल्या लुगड्याचा काठ दातात धरते,
कोरडं आतून गुंडाळते, ओलं पायाशी गळतं,
मधे बोटभर अंग दिसत नाही.
दुतोंड्या मारुतीपाशी उभी राहून
मी कितीदा बघत राहिलेय ही कारागिरी.
आईने शिकवली नव्हती मला, मला ती आलीच.

गायधनीबाई मार्गशीर्षात आल्या, भाचीच्या लग्नाची पैठणी घेऊन.
त्यांच्या ब्लाउजला नऊ वर्षं मी आतून कप्पा शिवते.
कप्प्यात राळं भरते.
कापसाला वजन नसतं, पदर घसरतो.
हे त्यांना माहीत आणि मला.
सुनेलासुद्धा नाही.

पडदा ओढला. टेप पाठीमागून घेतली.
का कोण जाणे, सांगून टाकलं सगळं.
म्हातारा, कलिंगड, मग ती.

त्या काही बोलल्या नाहीत.
खाली भाजीवाल्याने मेथीचा भाव दोनदा ओरडला.
टेपेखाली बरगड्या हळूच खाली गेल्या
आणि आकडा बदलला, पाऊण इंचाने.
नऊ वर्षं मी चुकीचं माप घेत होते.

उताणी? त्या म्हणाल्या.
हो.
म्हणजे तिथेही ऊन लागलं असेल.
लागलं असणार.

पैठणीला मॅचिंग अस्तर काढलं, बाही कोपरापर्यंत ठरली.
आणि राळं, त्या म्हणाल्या, यंदा थोडं कमी घाला.
घाम येतो फार.

जिना अर्धा उतरून थांबल्या.
वर न बघता विचारलं,
पाणी गार होतं का हो?

मला काय माहीत.
मी काठावर होते,
नऊवारी नको म्हणून मुलीने नेसवलेल्या सहावारीत,
वर स्वेटर,
पायात मोजे.